गाड्यांची फडकी धुवायला मशीन कोणतं घ्यावं?



गेल्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीला गेलो, तेव्हा तीन वेगवेगळ्या गावांच्या बायकांनी आम्हाला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. "तुम्ही हायवेवरच्या गाड्यांची फडकी धुवायला आणता म्हणे. आम्हीपण घेऊ का ते काम? आणि मशीन कोणतं घ्यायचं?" एकीला तर दुकानदारानं फ्रंट लोडची किंमतही लिहून दिली होती, ती चिठ्ठी ब्लाउजमधून काढून दाखवली. म्हणून म्हटलं, आज रेडिओवरच सगळं नीट सांगू. आमची चूकही सांगू, कारण ती आम्हाला चांगलीच महाग पडली.

आधी काम काय आहे ते. आमचं गाव पुणे-सोलापूर महामार्गाच्या जवळ. रस्त्यालगत गाड्या धुण्याची सेंटरं झालीत, आणि त्यातली काही आता डिटेलिंग करतात. डिटेलिंग म्हणजे नुसतं पाणी मारून गाडी धुणं नाही. रंगावरचे बारीक ओरखडे पॉलिशनं घासून काढायचे, वर मेण चढवायचं, काचा, डॅशबोर्ड, सीटा, चाकं, सगळं वेगवेगळं साफ करायचं. एका मोठ्या गाडीला पंधरा-वीस फडकी सहज लागतात. ती धुवायला तिथल्या पोरांना वेळ नसतो. बादलीत खंगाळतात आणि गेटवर वाळत टाकतात. म्हणून मालक बाहेर धुवायला द्यायला तयार असतो.

पहिल्या खेपेला त्यानं आम्हाला ४० फडकी दिली. आमच्या कोषाध्यक्ष ताईंच्या घरी वरून कपडे टाकायचं मशीन होतं. आम्ही म्हटलं, फडकी ती फडकी, त्यात काय अवघड! मशीनमध्ये जागा उरली म्हणून अंग पुसायचे दोन टॉवेल आणि एक चादर त्यातच टाकली. तेलकट दिसत होती म्हणून पावडर दुप्पट घातली. छान मऊ व्हावीत, वास यावा म्हणून शेवटच्या पाण्यात ते कपडे मऊ करायचं लिक्विड ओतलं. तारेवर मावली तेवढी तारेवर, बाकीची कुंपणावर वाळत घातली. इस्त्रीसारख्या घड्या घालून पोचवली, आणि आम्ही खूश.

तिसऱ्या दिवशी मालकाचा फोन. फडकी पाणी ओढत नाहीत, काचेवर पांढरी लव सुटते, आणि एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर बारीक गोल ओरखडे उठलेत. ते त्याला पुन्हा पॉलिश करावं लागलं. धुलाईचे पैसे तर दिलेच नाहीत, वर १२ फडक्यांची भरपाई मागितली. ती आम्ही गटातून दिली. त्या दिवशी बैठकीत कुणी फारसं बोललं नाही. एक मावशी तर खुरपणीचा रोज बुडवून आल्या होत्या, त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी-तिघी सेंटरवर जाऊन बसलो आणि कोणतं फडकं कशाला लागतं ते बघितलं. मग ध्यानात आलं की आधी फडकं समजून घ्यायला हवं, मशीनचं त्यानंतर.

ही फडकी सुती नसतात. त्यांना मायक्रोफायबर म्हणतात. पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचा धागा, असे दोन्ही मिळून ती बनतात. पिशवीवर ८०/२० किंवा ७०/३० असं लिहिलेलं असतं, ते त्याचंच प्रमाण. धागा केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि त्याला उभे फाटे फोडलेले असतात. त्या फाट्यांत पाणी, तेल, धूळ अडकून बसते. म्हणूनच ते इतकं स्वच्छ पुसतं. पण फडक्याला काय धरावं आणि काय धरू नये हे कळत नाही. वाळू, काटा, सुताची लव, न विरघळलेला पावडरचा कण, जे मिळेल ते धरून ठेवतं. आणि मग तेच गाडीच्या रंगावर घासलं जातं.

आता आमच्या चुका बघा. चादरीची आणि टॉवेलांची सुती लव फडक्यांत शिरली, ती काचेवर सुटली. कपडे मऊ करणाऱ्या लिक्विडचा धाग्यावर थर बसतो, फाटे बुजतात, म्हणून पाणी ओढेनात. जास्तीची पावडर आमच्या जड पाण्यात नीट विरघळलीच नाही. आणि कुंपणावर काय काय चिकटलं असेल ते तुम्हीच सांगा, कुसळं तर होतीच. यातली एकही चूक मशीनची नव्हती. चाळीस हजारांचं मशीन असतं तरी हेच झालं असतं.

तेव्हापासून आम्ही सेंटरला चार रंगांच्या पिशव्या देऊन ठेवल्यात. काचेची फडकी एका पिशवीत, रंगावरची आणि गाडी कोरडी करायची दुसऱ्या, मेण-पॉलिशची तिसऱ्या, आणि चाकं-इंजिनाची चौथ्या. चाकाच्या फडक्यात ब्रेक झिजून उडालेली लोखंडाची बारीक पूड असते. ती रंगाच्या फडक्यात गेली तर कितीही धुवा, विश्वास ठेवता येत नाही. म्हणून चौथी पिशवी आम्ही मशीनमध्ये टाकतच नाही. वेगळ्या टबात, हातमोजे घालून हातानं धुतो.

आणि दोन प्रकारची फडकी आम्ही घेतच नाही. सिरॅमिक कोटिंग लावलेलं फडकं परत घेत नाही, कारण ते औषध धाग्यात काचेसारखं कडक होतं, धुऊन निघत नाही. ते फेकायचं. दुसरं म्हणजे पेट्रोल, थिनर, रॉकेल लागलेलं फडकं. याला मात्र कडक नकार द्या. त्याची वाफ बंद मशीनमध्ये साठून पेट घेऊ शकते. मशीनच्या पुस्तकातही ही सूचना असते, पण ते पुस्तक वाचतं कोण? फडकं हातात घेतलं की आधी वास घ्यायचा, ही आमच्याकडे आता सवयच झालीय.

आता मशीन. बाजारात आपल्या कामाची तीन प्रकारची मिळतात. पहिलं सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे दोन टबांचं. एकात धुवायचं, मग हातानं काढून दुसऱ्या टबात, ज्याला आपण ड्रायर म्हणतो, पिळायचं. दुसरं टॉप लोड, वरून टाकायचं, सगळं आपोआप. तिसरं फ्रंट लोड, पुढं काचेचं गोल दार असलेलं. आम्ही तालुक्याच्या तीन दुकानांत फिरलो तेव्हा सेमी १० ते १५ हजारांत, टॉप लोड १५ ते २५ हजारांत आणि फ्रंट लोड २५ हजारांपासून ४० हजारांपर्यंत सांगितलं. तुमच्याकडे थोडंफार मागंपुढं असेल.

नुसतं फडक्याच्या दृष्टीनं बघितलं तर फ्रंट लोड सगळ्यांत चांगलं, हे आम्ही मान्य करतो. त्यात आडवा ड्रम हळू फिरतो, फडकी वर जातात आणि पाण्यात पडतात. पीळ बसत नाही, ओढाताण होत नाही. पाणी कमी लागतं, एका खेपेला साधारण ५० ते ७० लिटर. बहुतेकांत पाणी तापवायची सोय असते. ४० अंशांच्या कोमट पाण्यात मेण आणि पॉलिशचा तेलकटपणा लवकर सुटतो. त्यापेक्षा फार गरम मात्र करू नये, ६० च्या पुढं तर नाहीच. धागा प्लास्टिकच्या जातीचा आहे, उष्णतेनं फाटे आखडतात आणि फडकं खरखरीत होतं. याच कारणानं इस्त्रीही करायची नाही.

टॉप लोडमध्ये पाणी जास्त जातं, १०० लिटरच्या पुढंच धरा. तळाची फिरकी कपडे गरागरा फिरवते, त्यात फडक्यांचे गुंते होतात. घरच्या कपड्यांना ते चांगलं आहे. पण फडक्यांच्या धंद्यासाठी आम्हाला ते अधलंमधलं वाटलं. फ्रंट लोडइतकं हळुवार नाही, आणि सेमीइतकं आपल्या हातात नाही.

सेमीतही फिरकीच असते आणि पाणीही भरपूर लागतं. पण त्यात किती वेळ फिरवायचं, पाणी कधी बदलायचं, हे आपण ठरवतो. नळाला दाब नसला तरी बादलीनं पाणी भरता येतं. शेवटच्या खळाळ्याचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं, ते काढून ठेवून पुढच्या खेपेच्या भिजवणीला वापरता येतं. ड्रायर मिनिटाला साधारण १३०० फेरे फिरतो, फडकी जवळजवळ कोरडी निघतात. तोटा एकच, बाईला तिथं उभं राहावं लागतं. फ्रंट लोडला बटण दाबून स्वयंपाक उरकता येतो, इथं ते होत नाही.

या तिघांतून निवड करण्याआधी दुकानात जाऊ नका. आधी स्वतःच्या घरात तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, पाणी. फ्रंट लोड आणि टॉप लोडला नळातून दाबानं पाणी यावं लागतं. टाकी गच्चीवर असेल तर ठीक. पत्र्याच्या घराला, अंगणातल्या जमिनीवरच्या टाकीला तो दाब मिळत नाही. मशीन नुसतं पाण्याची वाट बघत थांबतं. आमच्या एका सखीच्या घरी नेमकं हेच झालं होतं. नवं मशीन दोन महिने कोपऱ्यात झाकून ठेवलेलं, त्यावर डबे ठेवले होते.

पाण्याचा दाब झाला, आता पाण्याची जात. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड आहे. घरच्या घरी बघायचं असेल तर अंगाच्या साबणाचा थोडा कीस पारदर्शक बाटलीत अर्ध्या पाण्यात टाका आणि जोरात हलवा. तसंच पावसाच्या पाण्यात करून शेजारी ठेवा. जड पाण्यात फेस येत नाही, वर पांढरट साका धरतो. नीट आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. पिण्याच्या पाण्यासाठी जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरलेली आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्या बोअरचा आकडा बघून आम्ही गप्पच बसलो.

जड पाण्यानं दोन नुकसानं होतात. फडकी वाळल्यावर ताठ होतात, आणि फ्रंट लोडच्या पाणी तापवायच्या कांडीवर क्षारांचा थर बसतो. मग वीज जास्त खाते आणि शेवटी कांडी जाते. यावर उपाय लिंबूसत्व, किराणा दुकानात मिळतं ते. शेवटच्या खळाळ्याला ५० लिटर पाण्यात दोन-तीन छोटे चमचे विरघळवून टाकलं की फडकी मऊ राहतात. साधं पांढरं व्हिनेगरही चालतं. फक्त एक काळजी घ्या. लिंबूसत्व किंवा व्हिनेगर आणि कपडे पांढरे करायचं ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो. तसंही या फडक्यांना ब्लीच चालत नाही, त्यानं धागा मरतो.

दुसरी गोष्ट, वीज. सेमीची मोटर साडेतीनशे-चारशे वॅटची असते, एका खेपेला पाव युनिटही जळत नाही. फ्रंट लोड पाणी तापवतं तेव्हा दोन हजार वॅटच्या आसपास ओढतं. पूर्ण खेपेला साधारण अर्धा ते पाऊण युनिट लागतं. बिलाचं फार वाईट वाटू नये, पण तुमच्या घराची वायरिंग तेवढं ओढणं सोसेल का, ते वायरमनला विचारा. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझरचा खर्च धरा. फ्रंट लोड चालू असताना वीज गेली तर दार कुलूपबंद राहतं आणि ओली फडकी आत. सेमीत वीज गेली तर फडकी बाहेर काढून हातानं उरकता येतात. आणि अर्थिंग! मशीन सेमी असो की फ्रंट, तीन पिनांचा प्लग आणि जमिनीत नीट गाडलेलं अर्थिंग नसेल तर आम्ही तुम्हाला ते काम घ्या असं म्हणणारच नाही. ओले हात, ओली फरशी, पत्र्याचं मशीन. वायरमनकडून तपासून घ्या, त्यात पैसे वाचवू नका. घरगुती मीटरवर धंद्याचं मशीन चालवताना आधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या, म्हणजे नंतर दंडाचा कागद येणार नाही.

तिसरी गोष्ट, काम किती आहे. इथं थोडं वजन-माप करू. फडक्यावर जी.एस.एम. लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. नेहमीचं फडकं ४० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ३५० जी.एस.एम.चं. त्याचं वजन भरतं ५६ ग्रॅम. ७ किलोच्या मशीनमध्ये हिशेबानं १२५ फडकी मावतात. पण मावतात म्हणून घालायची नाहीत. फडकी पाण्यात मोकळी फिरली तरच आतली घाण सुटते. आम्ही ५० ते ६० च घालतो. गाडी कोरडी करायचे जे मोठे जाड टॉवेल असतात ते एकेक अर्ध्या किलोचे भरतात, ते सहापेक्षा जास्त नाहीत. म्हणजे दिवसाला १०० फडकी येणार असतील तर दोन खेपा झाल्या. त्याला ७-८ किलोचं मशीन पुष्कळ झालं. दुकानदार ११ किलोचं दाखवेल, ते त्याच्या सोयीचं.

आता पैशाचा हिशेब, बैठकीत फळ्यावर मांडला होता तसाच. दर फडक्याला ४ रुपये धरा. आठवड्याला ३०० फडकी, म्हणजे महिन्याला साधारण १,२०० फडकी, ४,८०० रुपये आले. साबण, वीज, पाणी, आणायचं-पोचवायचं पेट्रोल मिळून फडक्याला रुपया जातो, म्हणजे १,२०० रुपये. उरले ३,६००. सेमीसाठी गटातून १२,५०० रुपये महिना एक टक्क्यानं घेतले आणि बारा महिन्यांत फेडायचे ठरवले, तर पहिला हप्ता मुद्दल १,०४२ आणि व्याज १२५, मिळून १,१६७. हातात उरले २,४३३, ते दोन बायकांत. हेच फ्रंट लोडसाठी ३४,००० घेतले तर पहिला हप्ता ३,१७३ रुपयांचा. हातात उरतात ४२७ रुपये. दोघींत वाटले तर एकीला २१३ रुपये, महिन्याचे!

आमच्यातल्या दोन तरुण मुलींचं म्हणणं होतं की घ्यायचंच तर चांगलं घ्या, उगाच पुन्हा पुन्हा खर्च कशाला. त्यांचं चुकीचं नव्हतं. कंबर मोडून उभं राहायचं त्यांनाच होतं. पण काम देणारा गिऱ्हाईक तेव्हा एकच होता, आणि त्याचं आमच्याशी एकदा बिनसलेलं. उद्या त्यानं हात वर केले तर हप्ता कोणाच्या मजुरीतून जाणार? ज्या मावशींचा रोज बुडाला होता त्यांनीच हा प्रश्न विचारला. मग आम्ही ठरवलं की मशीनचा हप्ता एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या कामातूनही निघाला पाहिजे, तेवढंच मोठं मशीन घ्यायचं. सेमी घेतलं, साडेसात किलोचं.

घेताना एक गोष्ट आमच्या कामी आली, तुम्हालाही सांगतो. वॉरंटीचं कार्ड पैसे द्यायच्या आधी वाचा. "धंद्याला वापरलं तरी चालतंय की ताई" असं काउंटरवर सांगतात. पण बऱ्याच कार्डांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वॉरंटी फक्त घरगुती वापराला. धंद्यासाठी वापरलं आणि बिघडलं, तर दुरुस्ती आपल्या खिशातून. आम्ही हे धरूनच चाललो आणि फडक्यामागं २५ पैसे दुरुस्तीच्या डब्यात टाकायला लागलो. ते त्या एका रुपयाच्या खर्चातच धरलेत. सेमीचा आणखी एक फायदा इथं आहे. तालुक्यातला साधा मेकॅनिकही ते उघडून दुरुस्त करतो, पट्टा नाहीतर टायमर जातो, सुटा भाग मिळतो. फ्रंट लोडचं कार्ड, म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक पाटी गेली की शहरातून माणूस येईपर्यंत वाट बघा.

धुण्याची आमची रीत आता अशी आहे. फडकी आली की त्याच दिवशी भिजवायची. पॉलिश फडक्यात वाळून घट्ट झालं की मग सुटत नाही. साबण लिक्विड वापरायचा, पावडर नाही, आणि तोही बेताचा. फ्रंट लोड असेल तर कमी फेसाचाच घ्या. स्वच्छाकडून मळक्याकडे जायचं, आधी काचेची, मग रंगावरची, शेवटी मेणाची. एका रंगाच्या पिशवीतलं दुसऱ्यात नाही. दहा-बारा मिनिटं फिरवायचं, मग दोन खळाळे. दुसऱ्यानंतर एक फडकं स्वच्छ पाण्याच्या पातेल्यात पिळून बघायचं. पाणी दुधट झालं किंवा फेस आला तर तिसरा खळाळा. यात आळस केला की गाडीवर पट्टे उठतात. दिवस संपला की मशीनची जाळी काढून धुवायची आणि टब कोरडा पुसायचा.

वाळवणं मात्र मशीन कोणतंही असो, आपल्याच हातात असतं. ही फडकी पटकन वाळतात, त्यांना कडक ऊन लागत नाही. लागतो तो धूळ नसलेला आडोसा. आम्ही पडवीत दोऱ्या बांधल्या आणि वरून जुनी मच्छरदाणी सोडली. उसाच्या ट्रॅक्टरांचा फुफाटा सुरू झाला की पडवीचा पडदाही टाकतो. फडकं खाली पडलं तर झटकून परत लावायचं नाही, ते सरळ पुन्हा धुण्यात. सुरुवातीला हे कुणाला पटेना. "एवढंसं तर पडलं" म्हणून उचलून लावायच्या.

पोचवायच्या आधीची तपासणी गमतीची आहे. शेतात पाखरं उडवायला आपण जुन्या सीड्या टांगतो ना, त्यातली एक धुऊन ठेवलीय. प्रत्येक पिशवीतलं एक फडकं सीडीच्या चकचकीत बाजूवर हलकेच दाबून फिरवायचं आणि उजेडात धरायचं. नवा ओरखडा दिसला तर त्या पिशवीतलं एकेक फडकं बोटांनी चाचपायचं. कुठंतरी काटा नाहीतर कुसळ सापडतंच. सेंटरची पोरंही ही तपासणी करतात, हे आम्हाला नंतर कळलं.

आणखी एक राहिलं, सांडपाण्याचं. घरचं धुण्याचं पाणी आपण परसबागेला सोडतो, अळूला, केळीला. हे पाणी सोडू नका. त्यात पॉलिश, तेल आणि फडक्यांतून सुटलेला प्लास्टिकचा बारीक तंतू असतो. आम्ही पाण्याच्या नळीच्या तोंडाला जुन्या जाड साडीची दुपदरी घडी बांधतो, त्यात जेवढी लव अडकते तेवढी कचऱ्यात टाकतो. सगळीच अडकते असं नाही. पाणी शोषखड्ड्यात जातं, आणि तो खड्डा आम्ही बोअरपासून आणि आडापासून लांब, उताराच्या बाजूला घेतला. ओढ्याला पाणी सोडलं असतं तर काम सोपं होतं, पण खाली त्याच ओढ्यावर जनावरं पाणी पितात.

या सेमीला आता सव्वा वर्ष झालं, मशीनचं कर्ज फिटलं. पहिला मालक अजून काम देतो, आणि टोलनाक्याच्या पलीकडचं एक सेंटर जोडलं गेलंय. मधे एकदा ड्रायरचा ब्रेक गेला, तो दुरुस्तीच्या डब्यातल्या पैशांतून झाला. त्या दोन मुलींनी आता पुन्हा फ्रंट लोडचा विषय काढलाय. या वेळी त्यांनी स्वतःच वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतलंय, टाकी पत्र्यावर चढवायचा खर्च काढलाय आणि दोन्ही सेंटरांच्या मागच्या सहा महिन्यांच्या फडक्यांचा आकडा वहीत मांडलाय. येत्या बैठकीत तो फळ्यावर येईल. मावशींनी आधीच सांगून ठेवलंय की त्या समोरच्या ओळीत बसणार आहेत.